पेठेतली परदेशी बाई

मी जन्मात कधी कोल्हापूर सोडून बाहेर गेलेली नाही, असं पोलिसांच्या अहवालात लिहिलेलं होतं. हवालदाराने ते वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदाही त्याने तेच वाचलं. माझ्या पर्समध्ये इंग्लंडचा पासपोर्ट होता, त्यातला व्हिसा संपत आला होता, आणि माझंच गाव शपथेवर सांगत होतं की ही बाई कुठे गेलीच नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी इंग्लंडला गेले. मी एकुलती एक. वडील गेल्यावर आई पेठेतल्या घरात एकटीच राहायची आणि “माझं झ्याक चाललंय, तू तुझं बघ,” असं फोनवर ओरडून सांगायची. फोन लांबचा म्हणून आवाज मोठा, आणि तसंही आमच्याकडे हळू बोलायची पद्धत नाही. मग एक दिवस मोरीत पाय घसरून तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण आधाराशिवाय तिला उठता येईना. नवरा म्हणाला, “मुलाचं आणि माझं मी बघतो, तू जा.” मी नोकरी सोडली आणि आले.

मधल्या वर्षांत मी तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. घर तिकडे, नोकरी तिकडे, मुलाची शाळा तिकडे. आईला फोनवर सांगितलं तर तिने गल्लीभर सांगितलं, “पोरीला तिकडचं रेशनकार्ड मिळालं.” मीही हसले होते. जुना भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का लागून परत आला तेव्हासुद्धा मला फार काही वाटलं नाही. धक्का बसला तो आता. ज्या घरात मी रांगले त्या घरात राहायला मला परवानगी लागते, आणि ती परवानगी संपते! सुट्टीला यायचे तेव्हा व्हिसाची तारीख कोण बघत होतं? आता कपाट उघडलं की पासपोर्ट दिसायचा आणि मी उरलेले दिवस मोजायचे. मुदत वाढवून मिळेल का, हे विचारलं तर छातीठोकपणे कोणी सांगेना.

त्याच सुमाराला परदेशी नागरिक झालेल्या आमच्यासारख्यांसाठी सरकारने एक नवी सोय काढली होती. पेपरवाले तिला दुहेरी नागरिकत्व म्हणून मोकळे झाले. तसं ते नव्हतं. मत देता येणार नव्हतं, शेतजमीन विकत घेता येणार नव्हती. पण जन्मभर येता-जाता येणार होतं आणि हवं तितकं राहता येणार होतं. मला काही निवडणुकीला उभं राहायचं नव्हतं की ऊस लावायचा नव्हता. आईजवळ राहायला मिळालं की झालं. मी मुंबईला जाऊन अर्ज दिला. तिथला कारकून म्हणाला, “कोल्हापूरचे पोलीस घरी येतील, चार माणसांना विचारतील आणि अहवाल पाठवतील. त्यात काही अडचण नसते.” मी निर्धास्त होऊन परतले. ज्या पेठेत जन्मले तिथे माझी ओळख पटायला काय अडचण?

इथे आमच्या पेठेची एक रीत सांगितली पाहिजे. गल्लीत पोलीस येऊन कोणाची चौकशी करू लागला की आधी “न्हाय” म्हणायचं. कोणी काय केलं, कोणाचं चुकलं, ते नंतर, तो गेल्यावर, आपापसात. चुकलेल्या पोराला तालमीत नेऊन वस्ताद कानफटात देतील ती गोष्ट वेगळी, पण गल्लीतलं माणूस पोलिसाच्या हाती द्यायचं नाही. मी याच रीतीत वाढले. तरी ती रीत माझ्यावरच उलटेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी कोणालाच सांगून ठेवलं नाही की बाबांनो, पोलीस येतील ते माझ्याच कामासाठी येतील.

आई वॉकर धरून खोलीभर चालू लागली तेव्हा तिने बोललेला नवस फेडायला मी एका रविवारी जोतिबाला गेले. संध्याकाळी परत आले ती केसांपासून चपलांपर्यंत गुलालाने माखून. गल्लीच्या तोंडाशीच तालमीचे वस्ताद उभे होते. वय झालेलं, पण मान अजून पैलवानाची. लहानपणापासून मी त्यांना मामा म्हणते.

“पोलीस आलता,” ते म्हणाले. “घालवला त्याला.”

“का? कशाला आला होता?”

“हितं कोण परदेशी बाई ऱ्हाती का म्हणत हुता. मी म्हटलं, पावणं, पत्ता चुकला तुमचा. हितं परदेशी कोण न्हाय.”

समोरच्या काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांना राहवेना. “तुजं नाव घिऊन इचारलं की त्यानं! मी म्हटलं, ती व्हय? ती जन्मापासनं हितंच ऱ्हाती. लंडन-बिंडन कायबी न्हाय. आत्ता जोतिबाला गेलीया. परदेशी बाई जोतिबाला जाती व्हय?”

मी घाईने विचारलं, “आणि आई? आई काय म्हणाली?”

“आई कुटं कमी पडती?” काकू म्हणाल्या. “खाटंवरनंच वरडली, माझी लेक कुटंबी गेल्याली न्हाय. द्येवाची आण घेतली की तिनं!”

दोघंही माझ्याकडे अशा तोऱ्यात बघत होते की आता मी पेढे वाटावेत. मी घरात शिरले आणि आईवर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये वगैरे मला ठाऊक आहे, पण डोकं फिरलं होतं. आई शांतपणे म्हणाली, “तूच म्हणलीस न्हवं, मुदत संपली की तुला जायला लावतील? मग मी त्यास्नी गावू दीन व्हय तुला?”

मी दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनात गेले. आदल्या दिवशी आलेला हवालदार भला माणूस होता, पण दुखावलेला होता. त्याने अहवाल वाचून दाखवला तो असा: या नावाची स्त्री स्थानिक रहिवासी असून ती कधीही परदेशात गेलेली नाही, सबब सदर पत्त्यावर परदेशी नागरिक राहत नाही. साहेबांची सही होऊन तो सकाळीच वर गेला होता. आमच्या सरकारी कारभारात एवढ्या झपाट्याने गेलेला हा एकच कागद असेल.

“अहो, पण हा बघा पासपोर्ट. ही मीच,” मी म्हणाले.

“त्येच तर, ताई. पासपोर्टातली बाई तिकडची. गल्ली म्हणती बाई भायेर गेलीच न्हाय. तुमची आई म्हणती गेलीच न्हाय. मग ह्यो पासपोर्ट कुणाचा? तुम्ही कोण? वरनं असं इचारलं तर मी काय सांगू?”

तो पुढे सांगत राहिला. अर्ज तर फेटाळला जाईलच, पण खोटी माहिती दिली म्हणून भानगड वाढू शकते, आणि अशी भानगड असलेल्याला पुन्हा व्हिसा मिळणं कठीण. म्हणजे आईपासून मला कोणी तोडणार असेल तर तो मुंबईचा कारकून नव्हता, लंडनचं सरकार नव्हतं. ते काम काकू, वस्ताद आणि खुद्द आईने मिळून, माझ्या प्रेमापोटी, एका दुपारी उरकलं होतं. मी साहेबांना भेटले, हात जोडले. शेवटी ते म्हणाले, फेरचौकशी करू. पण आता नुसतं तोंडी चालणार नाही. घरमालकिणीचा, म्हणजे आईचा, जबाब लागेल, चार लोकांसमोर.

गल्लीला तयार करताना माझ्या नाकी नऊ आले. काकू लगेच रडू लागल्या, त्यांचं एक बरं असतं. वस्ताद मात्र अडून बसले. “आमच्या तोंडानं तुला परदेशी म्हणायचं? आनी ते बी पोलिसाम्होरं?” तालमीच्या ओट्यावर बसून मी त्यांना सगळं समजावलं. परदेशी म्हटलं तरच इथे राहता येईल, इथली म्हटलं तर जावं लागेल. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “ह्यो कुटला कायदा म्हणायचा, पोरी?” पण ते हो म्हणाले.

आई हो म्हणेना. मी हे सगळं तिला दहा तऱ्हांनी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. “देवाची आण घेतलीया मी,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, गेलं. आता सामान भरायला घ्यावं आणि हिला बघायला एखादी बाई शोधावी. त्या दिवसांत मी मोरीत आईचे कपडे धुताना रडायचे, कारण तिथे नळाच्या आवाजात ऐकू जात नाही.

हवालदार आला. अर्धी गल्ली दारात उभी. वस्तादांनी खाली मान घालून सांगितलं, काकूंनी डोळे पुसत सांगितलं. मग तो आईच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसला. मी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात थांबले. आईने पदर डोक्यावर घेतला होता.

“मावशी, गेल्या टायमाला तुम्ही म्हणला, लेक कुटं गेली न्हाय. आता खरं काय ते सांगा.”

“खोटं बोलले त्येवेळी,” आई म्हणाली. “लेक परदेशी हाय माझी.”

“कवापासनं?”

“लगीन लावून दिलं त्या दिवसापासनं.”

दारात कोणीतरी हसलं. आई हसली नाही.

“तसं न्हवं, मावशी, म्हंजे कागदोपत्री...”

“लिव्हा तुम्ही. वर्सा-दोन वर्सानं येती, पावण्यागत. आल्या आल्या जायाची तारीख सांगती. तिचा बाप गेला तवा ही नव्हती. पुतण्यानं आग दिली. ही आली तवा राख सुदीक नदीत गेलती. पुराचं पाणी दारात आलं तवा ह्या वस्तादानं मला पाठीवर घिऊन तालमीत न्हेलं. हिचा फोन आला तर मी म्हटलं, पाणी लांब हाय. मोरीत पडले तवा सकाळपासनं उन्हं कलंपतूर तितंच हुते, वल्ल्यात. हाक मारून आवाज बसला. ही काकू दूध द्यायला आली म्हणून गावले. लेक हितली असती तर असं झालं असतं व्हय?”

मला सांगितलं होतं की पडली आणि लगेच उचललं. काकूंनीच सांगितलं होतं. मी काकूंकडे बघितलं तर त्या जमिनीकडे बघत होत्या. पुराचं पाणी दारापर्यंत आल्याचं मला आत्ता कळत होतं, इतक्या लोकांबरोबर, हातात ट्रे घेऊन. आईच्या आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. मला ऐकवायचं म्हणून ती बोलतच नव्हती. ती पुरावा देत होती. इतकी वर्षं माझ्यापासून जपून ठेवलेलं एकेक काढून ती पोलिसासमोर मांडत होती, कारण त्यामुळे मी परदेशी ठरणार होते.

हवालदाराचं पेन थांबलं होतं. आईला त्याचा वेगळाच अर्थ लागला.

“का वो, थांबला? एवढ्यात भागत न्हाय का? अजून हाय की. पायजे तेवढं सांगते. पर तिला हितं ऱ्हाऊ द्या.”

“भागलं, मावशी,” तो म्हणाला. “बास झालं.”

त्याने कागद पुढे केला. आईने अंगठा नाही, सही केली, सावकाश, शाळेत शिकलेल्या अक्षरात. मग तिने माझ्याकडे बघितलं. महिनोन्महिने ती इतकी खूष दिसली नव्हती.

“झालं बग तुजं काम,” ती म्हणाली. “आता च्या दे की त्यास्नी.”