हार्लन झॅस्ट्रोचा मोकळा हिवाळा

हार्लन झॅस्ट्रोने एक्केचाळीस वर्षं रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी गाईंच्या धारा काढल्या. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी सकाळची धार आटोपून त्याने कोट चढवला, आणि पाहुणे जेवत होते तेव्हा कोट खुर्चीवर टाकून तो पुन्हा गोठ्यात गेला. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. निम्म्या गावाची लग्नं तशीच झाली होती.

सहासष्टाव्या वर्षी त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. मुलाला ट्रक चालवायचा होता, त्याचा गाईंत जीव रमेना. ऑगस्टमधल्या एका सकाळी विकलेल्या बेचाळीस गाई दोन गाड्यांत चढून गेल्या. हार्लन रिकाम्या गोठ्यात बराच वेळ उभा राहिला. मग त्याने गोठा झाडला, धुतला आणि भिंतींना चुना मारला. कुणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याची बायको आर्डिस हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. सप्टेंबरात ती एकटीच गाडी घेऊन शेजारच्या गावी गेली आणि येताना गाडीमागे एक जुना ट्रेलर जोडून घेऊन आली. चाकांवरचं पांढरं घर, अंगावर तपकिरी पट्टा, आत दोन शेगड्या, एक टेबल आणि एक पलंग. तिने तो बरोबर गोठ्याच्या दारासमोर उभा केला.

"नोव्हेंबरात निघायचं," ती म्हणाली. "हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की दुसऱ्या दिवशी. खाली टेक्सासच्या टोकाला, नदीकाठी. तिथे नाताळात लोक बिनबाह्यांचे सदरे घालून फिरतात म्हणे."

"आणि मी तिथे काय करू?"

"काही नाही करायचं, हार्लन. मी चाळीस हिवाळे तुझ्याबरोबर बर्फ उपसला. आता तू एक हिवाळा माझ्याबरोबर बसून काढ."

यावर त्याला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की तो कबूल व्हायचा. आर्डिसला हे ठाऊक होतं.

प्रवास चार दिवस चालला. पहिल्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता, दुसऱ्या दिवशी तो नुसता खड्ड्यांत उरला, तिसऱ्या दिवशी दिसेनासा झाला. चौथ्या दिवशी दुपारी आर्डिसने काच खाली केली. वारा आत आला तो कोमट, ओल्या मातीचा आणि कसल्याशा गोडसर पाल्याचा. आरशात मागचा ट्रेलर हलकेच डुलत होता. हार्लनला वाटलं, आपण गाडी हाकत नाही, झोपेतच कुठेतरी घरंगळत चाललोय.

ट्रेलर लावून हिवाळाभर राहायच्या त्या पार्कात दोनशे ट्रेलर ओळीने उभे होते, प्रत्येकासमोर एखादं ताडाचं झाड आणि दोन खुर्च्या. सगळी उत्तरेकडची माणसं. मिनेसोटाची, आयोवाची, डाकोटाची. मधल्या सभागृहावर डेलोरस आयव्हर्सनचं राज्य होतं. ही मिनेसोटातली विधवा पंधरा हिवाळे इथे येत होती, आणि पत्त्यांच्या डावापासून सामूहिक जेवणापर्यंत तिच्या मर्जीशिवाय पान हलत नसे. आल्या दिवशीच तिने हार्लनला विचारलं, पत्ते येतात का, नाच येतो का, लाकूड कोरता येतं का. तो तिन्ही वेळा नाही म्हणाला.

"मग येतं तरी काय तुला?"

"गाई," हार्लन म्हणाला.

"त्या सोडून सगळं आहे इथे," ती म्हणाली आणि पुढच्या ट्रेलरकडे वळली.

आर्डिस मात्र आठवडाभरात खुलली. दुपारी ती दारातल्या खुर्चीवर पाय पसरून बसायची, गालावर ऊन घ्यायची, आणि तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जणू एकेक करून सैल व्हायच्या. हार्लनचे हात शिवशिवत राहायचे. त्याने ट्रेलरचे सगळे स्क्रू आवळले. शेजाऱ्याच्या ट्रेलरचेही आवळले. मग आवळायला काही उरलं नाही.

तरी फटफटायच्या आधी त्याचे डोळे उघडायचेच. आर्डिसची झोप मोडू नये म्हणून तो बाहेर पडायचा आणि पार्कामागच्या कालव्याच्या बांधावरून चालत राहायचा. कालव्यापलीकडे संत्र्यांची आणि पपनसांची मोठी बाग होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याला तिथे कालव्याचं दार उघडलेलं दिसलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस फावड्याने बारं फोडून पाण्याला वाट करून देत होता. पाणी आवाज न करता झाडांत शिरत होतं. आधी एका ओळीत, मग दुसऱ्या. मग झाडांखाली आणखी एक बाग उमटली, उलटी, तिच्यातही पिवळी फळं लोंबत होती आणि तिच्या तळाशी आभाळ उजळत होतं. हार्लन तासभर जागचा हलला नाही.

त्या माणसाचं नाव एउसेबियो कान्तू. सगळे त्याला चेबो म्हणत. नदीच्या, म्हणजेच देशाच्या सीमेच्या, पलीकडच्या गावात जन्मलेला आणि अलीकडच्या बागांत तीस वर्षं दारं धरून झाडांना पाणी पाजणारा. त्याला इंग्रजी बेताचंच येई, हार्लनला स्पॅनिशचा गंध नव्हता. दुसऱ्या दिवशी हार्लन पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. चेबोने दुसरं फावडं त्याच्या हातात दिलं. तिसऱ्या दिवशी चेबोच्या डब्यात दोनऐवजी चार पोळ्या होत्या, अंडं आणि तिखट सॉसेज भरून गुंडाळलेल्या, अजून गरम. हार्लनने थर्मासमधली कॉफी ओतली. दोघं बांधावर बसून पाणी चढताना बघत राहिले.

"डॉन आर्लान," चेबो म्हणाला. 'डॉन' हे त्याच्या भाषेतलं आदराचं 'राव', आणि नावातला ह तो उच्चारत नसे. "तुम्ही तिकडे काय करत होता?"

हार्लनने हवेत दोन्ही मुठींनी धार काढून दाखवली. चेबो खूप हसला. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तीच खूण केली. लहानपणी बापाच्या बकऱ्या त्यानेही पिळल्या होत्या.

त्याच दिवसांत हार्लनला स्वप्नं पडायला लागली. उभ्या आयुष्यात त्याला कधी स्वप्न आठवलं नव्हतं; उशीला डोकं टेकलं की सकाळ व्हायची. आता त्याला त्याच्या गाई दिसायच्या. बर्था पुढे, तिच्यामागे तिची तांबडी कालवड, मग सगळा कळप. पायाखालच्या पाण्यातून त्या सावकाश यायच्या, संत्र्याच्या फांद्या त्यांच्या पाठींना घासायच्या. कास भरलेली नसायची. कुणाला कसली घाई नसायची. त्या त्याला ओळखायच्या आणि पुढे निघून जायच्या. जागा झाल्यावर तो आर्डिसला सांगायचा, आणि ती डोळे न उघडताच विचारायची, "बरी होती ना बर्था?"

नाताळाला चार दिवस होते तेव्हा रेडिओवर बातमी आली. ध्रुवाकडून थंडीची लाट सुटली होती आणि ती थेट नदीपर्यंत उतरणार होती. पार्कात कुणाला खरं वाटेना. बाहेर ऊन रणरणत होतं, लोक चड्ड्या घालून बसले होते. हार्लन कालव्यावर गेला. चेबो बागेच्या दक्षिणेच्या तुकड्यात एकटाच फावडं मारत होता. त्या तुकड्यात तीन वर्षांची कलमं होती, मनगटाएवढ्या खोडांची. हिवाळ्याआधी त्यांच्या खोडांना मातीची भर लावायची असते. फांद्या गेल्या तरी मातीत दडलेलं खोड वाचतं आणि पुन्हा फुटतं. पण मागचे काही हिवाळे उबदार गेले होते, आणि बागेच्या मालकाने 'यंदा कशाला' म्हणून ते काम करू दिलं नव्हतं. आता मालक वरची फळं उतरवून घ्यायच्या धावपळीत होता. माणसं सगळी तिकडे. कलमं होती सहाशे.

चेबोने हे हातवाऱ्यांनी आणि तुटक्या शब्दांनी सांगितलं, आणि पुन्हा खाली वाकला. हार्लनने ओळींवरून नजर फिरवली. दोघांनी दोन दिवस केलं तरी पाव काम होणार नव्हतं.

तो परत फिरला आणि तडक सभागृहात गेला. तिथे पत्त्यांची आठ टेबलं भरली होती. चारचौघांत तो कधी बोलला नव्हता, चर्चमध्येसुद्धा नाही. टोपी काढून तो दारात उभा राहिला.

"कालव्यापलीकडे सहाशे कलमं आहेत," तो म्हणाला. "त्यांना उद्या संध्याकाळच्या आत मातीची भर लावायचीय. नाहीतर ती मरतील. तिथे एकच माणूस आहे. मी जातोय. फावडी कमी आहेत, ज्याची असतील त्याने आणावीत."

मग डेलोरसने हातातले पत्ते पालथे टाकले. "माझ्या डावात आज काही जीवही नव्हता," ती म्हणाली. "एर्नी, तुझ्या ट्रेलरखाली दोन फावडी आहेत, मी पाहिलीत. ऊठ."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बागेत चाळीस म्हातारे राबले. कुणी मका पेरणारे होते, कुणी डुकरं पाळणारे, कुणी गव्हाचे. त्यांचे हात किती महिन्यांत मातीत गेले नव्हते. सुरुवातीला गप्पा झाल्या, मग गप्पा थांबल्या आणि फावड्यांचा एकसारखा आवाज उरला. कोमट हवेत सगळं अंधुक आणि दूरचं वाटत होतं. हार्लनला मधूनच भास व्हायचा की ही सगळी माणसं आपल्याच गावची आहेत, आणि आपणच कुठल्यातरी जुन्या उन्हाळ्यात आहोत. चेबो ओळीओळीतून फिरत होता. माती कुठवर चढवायची ते स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवत होता, आणि प्रत्येकाला 'डॉन' म्हणत होता. डेलोरसला त्याने 'सेनापती' म्हटलं. ते तिला कुणीतरी समजावून सांगितल्यावर ती दुप्पट जोराने ओरडायला लागली. आर्डिस आणि इतर बायका खोडाजवळची माती हातांनी दाबत होत्या.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास वारा अचानक पडला. उत्तरेला आभाळाची कड शाईसारखी निळी झाली. मग वारा उलट्या दिशेने आला, आणि घामेजलेल्या सदऱ्यांवर जणू कुणी बर्फाचा हात ठेवला. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्या पळतपळत पुऱ्या झाल्या.

थंडी तीन दिवस ठाण मांडून होती. पार्कातले नळ फुटले, ताडांची पानं काळी पडली, आणि नाताळाचं जेवण सगळ्यांनी सभागृहात कोट घालून घेतलं. आर्डिस खिडकीच्या काचेवरच्या हिमफुलांकडे बघत म्हणाली की यासाठी दीड हजार मैल यायची गरज नव्हती, हे घरी फुकट मिळत होतं. आणि ती इतकी हसली की हार्लनलाही हसू आवरेना.

पण बागेकडे बघवत नव्हतं. फळांचा गर गोठून फुटला होता. जानेवारीभर ती एकेक करून गळत राहिली आणि सगळ्या शिवारात आंबूस वास भरून राहिला. पानं तपकिरी होऊन झाडांवरच लटकत राहिली. मालकाने मोठी झाडं उपटायला यंत्रं आणली. कलमांचा तुकडा तेवढा मार्चअखेरपर्यंत ठेवतो, तोवर काही दिसलं नाही तर तोही नांगरणार, असं त्याने चेबोला सांगितलं. बाग गेली की दारं धरायला काही राहणार नव्हतं. चेबो रोज येऊन कलमांच्या ओळींतून एक चक्कर मारायचा, आणि हार्लन त्याच्याबरोबर चालायचा. जागोजाग मातीचे उंचवटे आणि वर वाळक्या काटक्या.

पार्कातली माणसं मार्चच्या मध्यावर परत निघतात. एकेक ट्रेलर गाडीला जोडला गेला, डेलोरसही गेली. जाताना तिने हार्लनला बजावलं की त्या झाडांचं काय झालं ते पत्राने कळव, नाहीतर पुढच्या वर्षी तुला पत्ते शिकवीन. झॅस्ट्रो निघाले नाहीत. कधी निघायचं ते आर्डिसने विचारलंही नाही. तिने फक्त दुधाची आणखी एक बाटली आणली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी चेबो पहिल्या कलमाशेजारी गुडघे टेकून बसला. फावडं त्याने लांब ठेवलं होतं. वरून मूठमूठ माती तो हातांनी बाजूला करू लागला. हार्लन समोर बसला. त्याचे गुडघे कुरकुरले, पण तो बसला. वरचा भाग काळा होता. एक वीत खाली गेल्यावर चेबोने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं, ओलं, झळाळतं. आणखी खाली, मातीच्या अंधारात, फिकट पिवळा एक कोंब वाकून बसला होता, अजून ऊन न पाहिलेला.

चेबोने त्याला हात लावला नाही.

"डॉन आर्लान," तो हळूच म्हणाला, "आता बाकीच्यांची माती काढू या. सावकाश. यांना दचकवायचं नाही."

सहाशेतली साडेपाचशेच्या वर जगली. मालकाने तुकडा ठेवला, आणि कालव्याच्या दाराची किल्ली चेबोच्या कमरेलाच राहिली.

निघायच्या आदल्या रविवारी चेबो आणि त्याची बायको ओफेलिया झॅस्ट्रोंच्या दारात आले. ओफेलियाच्या हातात कापडात बांधलेलं जेवण होतं. तिने आर्डिसचा हात धरला आणि गाडीकडे खूण केली. समुद्र तिथून तासा-दीड तासावर होता, आणि झॅस्ट्रो चार महिने राहून तिकडे फिरकलेच नव्हते. आर्डिसने विचारलं नव्हतं आणि हार्लनच्या ध्यानातच आलं नव्हतं.

किनाऱ्यावर कुणी नव्हतं. बगळे उथळ पाण्यात उभे होते. ओफेलिया आणि आर्डिस एकमेकींची भाषा न कळता एकाच सतरंजीवर बोलत बसल्या. हार्लनने बूट काढले, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला. पाणी त्याच्या घोट्यांपाशी आलं, पायाखालची वाळू ओढून परत गेलं, पुन्हा आलं. तो कशाचीही वाट बघत नव्हता. आभाळ आणि पाणी कुठे मिळतात ते दिसत नव्हतं. मागून आर्डिसची हाक आली, जेवायला ये म्हणून. त्याने हात वर केला आणि आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिला.