गाईचा घास

आमच्या गल्लीत पूर्वी प्रत्येक घरी एखादी तरी गाय असायची. मग ट्रॅक्टर आले, पोरं नागपूरला गेली, कोणाला शेण काढायचा कंटाळा आला, आणि एकेक गोठा रिकामा होऊन तिथे मोटरसायकली उभ्या राहिल्या. आता गाई उरल्या त्या माझ्याच घरी, पाच. तेव्हापासून गल्लीतल्या माशा माझ्या, डास माझे, नाली तुंबली तरी माझ्याच शेणाने. दूध मागायला मात्र सगळे पातेलं घेऊन येतात, आणि त्यांना ते घट्टच पाहिजे असतं.

नवरा शेतातल्या धानाच्या बांध्या पाहतो, गोठा माझा. पहाटे शेण, मग धारा, मग कॅन घेऊन दूध केंद्र. तिथला माणूस मशीनमध्ये चमचाभर दूध घालतो आणि आकडा पाहून दर पावसाळ्यात हसत विचारतो, "पाणी टाकलं काय बाई?" ओलं गवत खाल्लं की दूध पातळ होतं, हे त्याला किती वेळा सांगायचं? वीज गेली की कुट्टीची मशीन बंद, मग बसा विळ्याने चारा कापत. धानाचा पेंढा, आमची तणीस, भिजली की बुरशी. या सगळ्याचा राग मी रोज गिळते, त्याची सवय झाली आहे. गेल्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येचा राग मात्र अजून गिळता आलेला नाही.

त्या दिवशी घरोघरी गेलेल्यांच्या नावाने स्वयंपाक होतो. भात, कढी, वडे, खीर. कावळ्याचं पान छपरावर जातं, गाईचा घास गाईला जातो, मग घरचे जेवतात. ज्याच्या त्याच्या दारी गाय होती तेव्हा ज्याचा त्याचा घास घरच्याच गाईला मिळायचा, मूठभर. लोकांनी गाई विकल्या, पण घास द्यायचं कोणी सोडलं नाही. आता सगळी गल्ली थाळ्या घेऊन माझ्या गोठ्यात येते. आत शिरलं की पहिली गव्हाण तांबडीची. कोणीही आलं की ती मान पुढे करायची. तिच्या आईला माझ्या सासऱ्यांनी अड्याळच्या बाजारातून आणलं होतं, आणि तांबडीचा जन्म माझ्या हातावर झाला होता. सातवा महिना चालू होता तिला. बाकीच्या चौघींचं दूध आटत आलं होतं, पुढचं वर्ष तिच्यावरच निघायचं होतं.

दुपारी, थाळ्या यायच्या वेळी, मी गवत कापायला गेले होते. संध्याकाळी तांबडीने चाऱ्याला तोंड लावलं नाही, तेव्हा वाटलं, आज पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आडवी पडली होती. पोट फुगलेलं, डोळे खोल गेलेले, दात खात होती. शेण पाण्यासारखं, त्याला आंबूस वास, आणि त्यात भाताची शितं जशीच्या तशी.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या गावी लसीकरणाला गेले होते. म्हणाले, खायचा सोडा पाण्यात कालवून पाजा, मी येतो. शेजारीण धावत आली. ती बौद्ध घरची, अंगणवाडीत काम करते. त्यांच्याकडे पितर घालत नाहीत. तिने तांबडीचं तोंड वर धरलं, मी बाटलीने सोडा पाजला. निम्मा आत गेला, निम्मा आमच्या लुगड्यांवर. डॉक्टर आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, आणि मला विचारलं, "भात किती खाल्ला हिनं?" तासाभराने तांबडीने पाय ताणले. पोटातलं वासरू थोडा वेळ हललं, ते वरून दिसत होतं. मग तेही थांबलं.

मी उठले आणि गल्लीत गेले. पदर कमरेला खोचलेला, हात सोड्याने पांढरे. एकही दार सोडलं नाही. "तुमच्या पितरायले खाऊ घालाले माहीच गाय भेटली काय? गाई इकताना नाही आठवले पितर?" प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं. "मी तं एक थाळीच देली बाई." "आमचा तं एवढासा घास होता." "गाईले भात देला तं पुण्यच लागते, पाप कायचं?" एका म्हातारीने तर मलाच समजावलं की अमावास्येचा घास खाऊन गाय जाणं चांगलं, सुटली बिचारी. तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. खोटं कोणीच बोलत नव्हतं, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. धरायला हाताशी एकही माणूस नव्हता, नुसत्या थाळ्या होत्या.

परत आले तर शेजारीण तांबडीजवळच बसलेली. माझं ओरडणं तिने सगळं ऐकलं होतं. खाली पाहत तिने हळूच विचारलं, "आन् तुह्या सासऱ्याची थाळी कोठी ठेवली होती?"

तिने ते पाहिलंच असणार, तिच्या खिडकीतून माझा गोठा दिसतो. गल्लीतली पहिली थाळी माझी होती. सकाळीच, बाकी कोणी चूल आवरायच्या आत, मी चांगला वाढून भात तांबडीसमोर ठेवला होता. सासऱ्यांचा जीव होता तिच्यावर, म्हणून दोन मुठी जास्तच. आणि मला ठाऊक होतं. पशुपालनाच्या शिबिरात मी पुढे बसून ऐकलं होतं की शिजलेला भात गाईच्या पोटात आंबतो, जास्त झाला की जीव घेतो. बचत गटातल्या बायकांना ते मीच समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी मलाही वाटलं होतं, एका थाळीने काय होतं.

यंदा सर्वपित्रीला मी गोठ्याला आतून कडी लावली. बायका थाळ्या घेऊन आल्या, दार वाजवलं, पितरांना उपाशी ठेवते म्हणून बोलल्या आणि गेल्या. बोलू दे. मी आतच होते, सासऱ्यांची थाळी हातात घेऊन. तांबडीच्या जागी आता कालवड बांधली आहे, तिने मान पुढे केली. मी तिच्यासमोरच खाली बसले आणि तो भात स्वतः खाल्ला, कोरडाच, थाळी रिकामी होईपर्यंत.