पायाळूचा पाय

नव्वदच्या पुढची गोष्ट. मी लष्कराच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो आणि रजेवर वरकुट्याला आलो होतो. युनिटमध्ये माझी ओळख रँकने. गावात मी नुसता पायाळू. पायांकडून जन्मलेल्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी आमच्याकडची श्रद्धा. रजेवर आलो की माझ्या पायाला सुट्टी नसे.

त्या दुपारी शेजारच्या आबांनी बोलावलं. त्यांची नात सुमन, वय सात, सकाळी कडब्याच्या ट्रॉलीवरून पडली होती. बारामतीला एक्स-रे झाला. हाड शाबूत, म्हणून घरी आणली.

"उसण भरलीया. नुसता पाय लाव," आबा म्हणाले.

सुमन घोंगडीवर पालथी होती. मी चप्पल काढली.

"काका, पायात मुंग्या आल्यात," ती म्हणाली.

मी पाय मागे घेतला. "पडल्यावर चालली होती?"

"व्हय की, घरापत्तूर," तिची आई म्हणाली. "आता उभीच ऱ्हाईना."

"लघवी?"

"सकाळपास्नं न्हाय."

सेफ्टी पिनचं टोक तिच्या पावलापासून वर टेकवत गेलो. कमरेपर्यंत ती गप्प. त्याच्या वर टेकवलं तेव्हा "आई गं" म्हणाली. लहान मुलांचा कणा लवचिक असतो. तो वाकून परत जागेवर येतो, एक्स-रेत काही दिसत नाही. आतल्या मज्जारज्जूला मात्र मार बसलेला असतो.

"पाय लावायचा नाही. पुण्याला न्यायची. आत्ता."

"बारामतीचा डाक्टर येडा हाय व्हय?" आबा कडाडले.

मी चुकलो तर गाव हसणार होतं. बरोबर असलो तर पोरीचे पाय जाणार होते. आपण चुकावं, असंच वाटत होतं.

आबांशी वाद न घालता मी दार बिजागरीवरून उतरवलं. चौघांना जागा दिल्या.

"डोकं मी धरतो. माझ्या शब्दावर. एक, दोन, वळवा!"

तिला दारावर घेतलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच्या पिशव्या लावल्या. पुण्याच्या वाटेवर टेम्पो खड्ड्यात आदळला की मी तिचं डोकं घट्ट धरत होतो. इतका मी सरहद्दीवरही घाबरलो नव्हतो.

एमआरआयमध्ये मज्जारज्जूला सूज निघाली. उपचार लांबले. पावसाळा सरता सरता सुमन भिंत धरून उभी राहिली.

पुढच्या रजेत आबांनी विचारलं, "तुला कसं रं कळलं?"

मी लान्स नाईक बबनचं सांगितलं. पोस्टवर दरडीवरून घसरला, उठून हसला, चहा मागितला. संध्याकाळी त्याचे पाय गेले आणि महिन्याभरात तोही गेला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"त्याच्या आईला कुणी सांगितलं का, आमची पोर त्याच्यामुळं उभी ऱ्हायली म्हणून?"

"नाही."

आबांनी खुंटीवरचा पटका घेतला. "चल मग. मी बी येतो."