परकीय चलनाशिवाय पॅरिस

कापसाच्या बैलबंडीवर बसलं की अंगाला कापूस चिकटतो. कितीही झटका, घरी गेल्यावर कानामागे थोडा सापडतोच. आमच्या शुक्रवारच्या मंडळाच्या गोष्टींचंही तसंच आहे. त्या जमवायला मी कुठे गेलो नाही. त्या चिकटल्या!

लंडनला शिकून मी घाटंजीला परतलो, तेव्हा ट्रंकेत एक सूट होता आणि बाकी सगळे शहरांचे नकाशे. हायस्कुलात भूगोल शिकवायला लागलो आणि लगेच ‘परदेश प्रवास मंडळ’ काढलं. दर शुक्रवारी संध्याकाळी एक शहर घ्यायचं आणि दोन दिवसांच्या सहलीचा बेत आखायचा. आधी काय पाहायचं, नंतर काय, जेवायचं कुठे. जाणं कुणालाच शक्य नव्हतं. सरकार परकीय चलन देत नव्हतं. पण नकाशाला चलन लागत नाही! जग पाहण्याची इच्छा ही काही मुंबईच्या साहेबलोकांची खाजगी इस्टेट नाही, असं मी तेव्हा म्हणत होतो. आजही म्हणतो.

अडचण एकच होती. आम्ही बसायचो ती भूगोलाची खोली शाळेचे अध्यक्ष बापूसाहेब यांना सरकीची पोती ठेवायला हवी होती. त्यांचा जिनिंगचा कारखाना शाळेला लागूनच.

“मास्तर,” ते मला भर रस्त्यात म्हणाले, “आर्णीची मोटर भेटत नाई तुमच्या मंडळाले, अन् निघाले पॅरिसले! बंद करा हे. नाईतर मी कुलूप लावतो.”

“लावा,” मी म्हणालो.

* * *

पहिलं शहर अर्थातच लंडन. मी मोठ्या तयारीने गेलो होतो. सकाळी म्युझियम, दुपारी टॉवर, संध्याकाळी नदीकाठ. माझं संपल्यावर नामदेव राठोडने हात वर केला. नामदेव बंजारा तांड्यावरचा तरुण शेतकरी. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले.

“गुरुजी, लंडनचा बाजार कोन्त्या वारी भरते?”

मी हसून सांगितलं, तिथे दुकानं रोजच उघडी असतात, आपल्यासारखा आठवडी बाजार नसतो. लंडनबद्दल सगळ्यांना एकदम वाईट वाटलं.

“मंग मानसं एकमेकाले भेटतात कवा?” नामदेवने विचारलं.

शेवटी मला आठवलं, पूर्वेकडच्या एका गल्लीत रविवारी बाजार भरतो. झालं! अख्खी सहल रविवारवर आली. म्युझियमपुढे लिहिलं गेलं: ‘वेळ उरल्यास’.

* * *

रोमच्या वेळी हॉटेलवरून पेटलं. नामदेवचं म्हणणं, शहरात कुणी उतरतं का? मुक्काम बाहेर, पाण्याजवळ.

“अरे, हॉटेलच्या खोलीतच नळ असतो!” मी म्हणालो.

“बैलायले पुरते?”

“बैल न्यायचे नाहीत, नामदेव!”

“मंग सामान काय तुम्ही उचलता?”

* * *

मेहमूदभाई मोटारमेकॅनिक. त्यांच्या हातांना कायम ग्रीस, म्हणून नकाशाला ते कधी हात लावत नसत. लांबून भुवयांनीच दाखवत. व्हिएन्नाच्या बागेत एक प्रचंड आकाशपाळणा आहे, लोक त्यात बसून शहर बघतात, असं मी सांगितलं.

“बैठने का नहीं,” मेहमूदभाई म्हणाले, “बेरिंग देखने का. कितना टाइम देंगे?”

मी अर्धा तास देऊ केला.

“गुरुजी, बेरिंग है, बारात नहीं! दो घंटे लगेंगे.”

“मग राजवाडा राहील त्याचं काय?”

“राजा है क्या अंदर?”

“नाही. आता राजा नाही तिथे.”

“फिर?”

राजवाडा बहुमताने गळला.

* * *

कुसुमताई मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत. मंडळातल्या त्या एकट्याच बाई. त्यांचे दीर दर शुक्रवारी विचारत, “वहिनी, हे काय नवीन?” आणि त्या दर शुक्रवारी चप्पल घालून निघत.

त्यांच्या प्रत्येक बेतात, शहर कोणतंही असो, एक तास कोरा असे. व्हेनिसच्या वेळी मी विचारलंच, “ताई, या तासात काय पाहायचं?”

“काही नाही. पाण्याकाठी बाकावर बसायचं.”

“नुसतं?”

“नुसतं. त्या तासात मला कोणी चहा मागणार नाही!”

कोऱ्या तासाला कुणीही हात लावायचा नाही, असा ठराव त्याच दिवशी झाला.

* * *

बापूसाहेबांच्या सांगण्यावरून यवतमाळहून शिक्षणखात्याचे एक साहेब चौकशीला आले. नकाशे उलटसुलट करून त्यांनी कुसुमताईंना विचारलं, “बाई, याचा उपयोग काय?”

“साहेब, तुम्ही कधी ताजमहाल पाहिलात?”

“पाहिला ना! सहकुटुंब.”

“काय उपयोग झाला?”

साहेबांनी चहा घेतला आणि शेरा न लिहिताच मोटर पकडली.

* * *

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही आलो, तर खोलीला कुलूप. आत सरकीची पोती, पोत्यांमागे आमचे सगळे नकाशे. त्या दिवशी पॅरिस होतं.

“आता?” नामदेव म्हणाला. “घरी जाचं का मंडळ मोडून?”

“पॅरिस मला पाठ आहे,” मी म्हणालो. “जागा दाखव.”

बाजाराचं पटांगण रिकामं होतं. ते कुणाच्या बापाचं नव्हतं. खो-खोच्या मैदानावर मारायची फक्की नामदेवने टोपलीभर आणली आणि मी सांगत गेलो तसतशी नदी ओढली. पांढरी, रुंद, मधे वळण घेणारी, पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मेहमूदभाईंनी दोन फळ्या टाकून पूल केला. एक बंडी धुरा आभाळाकडे करून उभी केली, तो आयफेल टॉवर. कुसुमताई नदीकाठी दगडावर जाऊन बसल्या. त्यांचा तास सुरू झाला होता.

बघता बघता गाव गोळा झालं. तांड्यावरून नामदेवची आई आली, ओढणी सावरत, चार बायकांना घेऊन. मी पुढे, लोक मागे, असं आमचं पॅरिस सुरू झालं. चर्च पाहून झालं, बाग पाहून झाली. पूल ओलांडून आम्ही टॉवरखाली पोचलो, तेवढ्यात पलीकडच्या काठावर छत्री दिसली. बापूसाहेब!

“मास्तर!” ते तिथूनच ओरडले. “पुसा हे! आत्ताच्या आत्ता पुसा!”

कुणी हललं नाही. मीही नाही.

“नाई पुसत? मी पुसतो!” म्हणत ते तरातरा आमच्याकडे निघाले आणि त्यांचा एक पाय फक्कीत पडला.

“ओ बापूसाहेब!” नामदेवची आई जीव खाऊन ओरडली. “नदीत कायले पाय टाकता? पूल तिकडं हाये ना!”

बापूसाहेब थबकले. खाली पाहिलं. पाय मागे घेतला, जोडा दोनदा झटकला, छत्री मिटली आणि काठाकाठाने पुलाकडे चालू लागले.