पान लागतंय

पानकाकांच्या हातात कॅमेरा दिला की ते आधी आपल्यावर डाफरत. "पाडलास ना? खरं सांग. माझ्याशी सगळे खोटं बोलतात." मग आवाज खाली येई आणि लेन्स कानाशी जाई. उमेळ्यातल्या त्यांच्या घराच्या पडवीत, खिडकीजवळच्या टेबलावर हे दुरुस्तीचं काम चाले. वसई-विरारमधले आम्ही लग्नाचे फोटो काढणारे तिथे जायचो, बोलणी खायचो आणि पुन्हा जायचो. फुलपाड्याहून दोन रिक्षा बदलून मीही जायचे.

लेन्समध्ये उजेड कमी-जास्त करणाऱ्या पातळ पात्या असतात. काका त्यांना पानं म्हणत. त्यांची विड्याच्या पानांची वाडी होती, तिच्यावर आता इमारती उभ्या आहेत. "पान उघडलं पायजे आनि मिटलं पायजे. बाकी सगळा कंपनीचा देखावा," असं ते म्हणत. त्यांच्या बोलण्यात ण नव्हताच. पाणी म्हणजे पानी, कोणी म्हणजे कोनी. आम्ही बाहेरून इथे राहायला आलेले लोक त्यांचे 'न' मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायचो.

एव्हरशाईन सिटीतला एक स्टुडिओवाला नवी कोरी लेन्स घेऊन आला, तेव्हा मी तिथेच बसले होते. काकांनी पात्या पूर्ण उघड्या ठेवून फोटो काढला, तो नीट आला. थोड्या मिटवून काढला, तर कॅमेऱ्याने एरर दाखवली. मग कॅमेऱ्यावरचं पात्या मिटवणारं बटण दाबून धरत त्यांनी समोरून लेन्समध्ये डोळा लावला. एक पाती अर्ध्यावरच अडकत होती.

"पान लागतंय," काका म्हणाले. "आतलं वंगन पातळ होऊन पानावर आलंय. वॉरंटीत हाय, मी खोलनार नाय. कंपनीला कळव, फुकटात करतील."

"ओके काका," म्हणत स्टुडिओवाल्याने तिथेच मोबाइलवर तक्रार टाइप केली. मान वर करायचीही तसदी त्याने घेतली नाही. आणि शहाण्याने लिहिलं काय, तर लेन्सला पाणी लागलंय.

पाणी शिरलेली लेन्स वॉरंटीत बसत नाही, असं सांगून कंपनीने ती तशीच परत पाठवली. उघडून तरी पाहिली होती का, देव जाणे. स्टुडिओवाला तणतणत उमेळ्यात आला.

"तुम्हीच बोललात ना, पानी लागलंय म्हणून?"

"मी पान बोललो."

"हां, तेच ना!"

काका भडकले. तरी त्यांनी लेन्स खोलली, पात्या स्पिरिटने पुसून पुन्हा बसवल्या. "बघ. पानी शिरलं असतं तर डाग नसता?" लेन्स चालू झाली. ती घेऊन हा गृहस्थ घरी गेला आणि फोटोग्राफरांच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, 'उमेळ्याच्या म्हाताऱ्याकडे जाऊ नका. निदान चुकीचं करतो. माझी वॉरंटी घालवली.' खरं काय घडलं ते मी तिथे सविस्तर लिहिलं. त्यावर हसरे चेहरे आले, आणि एकाने उत्तर दिलं, 'ताई, पण तो पाण्याला पानीच म्हणतो ना!' मला त्या ग्रुपची किळस आली. त्याच लोकांचे कॅमेरे काकांनी वर्षानुवर्षं जिवंत ठेवले होते. आता ते सगळे दुरुस्तीला मुंबई गाठू लागले.

काही महिन्यांनी माझी लेन्स अडकली म्हणून मी गेले. टेबलावर चादर अंथरलेली होती. काका डाफरले नाहीत, ते मला सहन होईना.

"पाणी देऊ?" त्यांनी विचारलं. ण असा ठासून उच्चारला, की मी दचकले.

"हल्ली असंच बोलतात," आतून काकी म्हणाल्या. "शेजारची पोरं हसतात. तरी ऐकत नाय."

काकांनी चादर बाजूला सारली. बटण दाबून लेन्समध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग जीभ टाळूला लावून, एकेक अक्षर सांभाळत, मला नीट कळावं म्हणून म्हणाले, "पोरी, ह्याचं पाण लागतंय."