माणूस पोचेल तिथे

ओमानच्या विमानतळावरून भाचा संदीप मला थेट अल हैलला, त्याच्या घरी घेऊन गेला. डावीकडे उघडे तपकिरी डोंगर, उजवीकडे समुद्र आणि मधला रस्ता इतका स्वच्छ की शिंकायचाही संकोच वाटावा.

जिन्यात शेजारी भेटला. डेल, चाळिशीचा धिप्पाड अमेरिकन. संदीपच्या कंपनीत क्रेनवाल्यांना सुरक्षेचे धडे देतो.

"मामा, हा कॉलेजात फुटबॉलचा हिरो होता."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. डेलने हसून हात दाखवले. अमेरिकेत फुटबॉल हाताने फेकतात. फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि डेल तोच होता.

शुक्रवारी सकाळी खुबूस (अरबी रोटी) आणि मटकीची उसळ खाताना त्याने आपली हकिकत सांगितली. "आम्ही माणसाकडे फेकत नाही. तो धावत पोचेल तिथे फेकतो. शेवटच्या सामन्यात मी फेकला आणि झेलणारा थांबला. चेंडू रिकाम्या जागी पडला. आम्ही हरलो."

"मग चूक कुणाची?"

"तो कधी बोलला नाही. लोकांनी माझी ठरवली. असेलही."

पुढे गावात मोटारी विकायला लागला, तर गिऱ्हाईक मोटार सोडून त्या फेकीबद्दलच बोलायचं. ओमानात तो खेळ कुणाला ठाऊक नाही, म्हणून इथली नोकरी पत्करली.

दुपारी आम्ही तिघे संदीपच्या क्रिकेट संघाचा अंतिम सामना पाहायला गेलो. मैदान खडीचं, करंडक पंचाच्या खांद्याला लागणारा. प्रमुख पाहुण्यांनी खिलाडूवृत्तीवर इतकं भाषण केलं की सामन्याच्या दोन ओव्हर कमी कराव्या लागल्या. त्यात एक खेळाडू ड्युटीवर अडकला.

"डेलसाहेब, सीमेवर उभे राहा फक्त. यल्ला, चला!" संदीपने त्याला ओढलंच.

शेवटचा चेंडू, समोरच्यांना दोन धावा हव्या होत्या. फटका डेलकडे गेला. वसईचा आंतोन यष्टिरक्षक. तो मागून यष्टींकडे धावत येत होता.

"थ्रो! अरे, थ्रो!"

डेलने फेकला. असली फेक मी जन्मात पाहिली नव्हती. आंतोन यष्टींपाशी येऊन थांबला आणि चेंडू त्याच्या दोन पावलं पुढून निघून गेला. दोन धावा झाल्या. खलास.

डेल सीमेवरच खाली बसला. संघातला एकजण ओरडला, "काय डोळे मिटून फेकतोस काय?"

आंतोन हातमोजे काढत त्याच्यापाशी गेला. "सॉरी, डेल. मी थांबलो. अजून दोन पावलं यायला हवं होतं. चूक माझी."

यष्टिरक्षकाची जागा यष्टींपाशीच असते, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"मामा, गप्प बसा," संदीप पुटपुटला.

डेलने मान वर केली. "पुन्हा सांग."

"चूक माझी."

डेलने उठून आंतोनच्या पाठीवर अशी थाप मारली की तो कळवळला.

दोन दिवसांनी निझवाचा किल्ला पाहून मी परतलो. घरी सगळे किल्ल्याचंच विचारतात आणि मी सांगतो. तो चांगलाच आहे. आंतोनला यष्टींपाशी थांबायचा नियम ठाऊक नव्हता की डेलची हकिकत ठाऊक होती, हे मात्र मी संदीपला अजून विचारलेलं नाही.