सरळ रेघ

प्लॅस्टिकच्या पातळ तुकड्यावर इलेक्ट्रॉन मारायचे आणि त्यातून उलट किती बाहेर पडतात ते मोजायचं, हे माझं पीएचडीचं काम. प्लॅस्टिकमधून वीज वाहून जात नाही. त्यामुळे क्षणभराच्या प्रत्येक माऱ्यानंतर साठलेला चार्ज उतरेपर्यंत थांबावं लागे. दिवसाकाठी जेमतेम पाच-सहा आकडे हाती येत.

माझे गाइड वैतागले. "अहो, आपण मोजमाप करताय की त्या तुकड्याची पूजा?" असं म्हणून त्यांनी मारा सलग चालू ठेवला. तासाभरात देखणी सरळ रेघ आली: जितके आत, तितकेच बाहेर. चार्ज साठला की कुठलंही प्लॅस्टिक शेवटी हेच उत्तर देतं, हे मी त्यांना सांगितलं.

"मग पेपरातून तुमचं नाव काढू का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी नाव राहू दिलं. पेपर छापून आला, रेघेचं कौतुकही झालं.

पुढे हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेले, तेव्हा निर्लज्जपणे तोच पेपर फायलीत सगळ्यात वर ठेवला होता. समोरच्या साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही.

"फिजिक्स ना? चालेल," ते म्हणाले. "सध्या कुणीही चालतं."